पापणी हलते, असं मी म्हणालो

हे मी शैलालाही सांगितलं नाही. शैला म्हणजे माझी बायको. तिच्यापासून माझं काही लपत नसे — चोरून ओढलेली सिगारेट, कुणाशी झालेलं भांडण, खोटं हसू, सगळं तिला दारातच कळायचं. हे मात्र कळलं नाही. शेवटच्या आजारपणात दुपारी तिच्या उशाशी बसायचो. एक-दोनदा अगदी ओठांवर आलं — आणि मी विचारलं, पाणी हवंय का? ती गेली. आता लालबागच्या या घरात ऐकणारं कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं, हेही आधीच कबूल करून टाकतो.

मी फलंदाजी शिकवायचो. दादरच्या मैदानात सकाळी नेट लावायचो. त्याआधी स्वतः मुंबईकडून थोडं खेळलो होतो. पुढे काही वर्षं देशाचा कसोटी संघ निवडणाऱ्या समितीत होतो. चाळीतल्या पोरांना अजूनही त्याचं कौतुक आहे. खाली चहाच्या टपरीवर मी उभा राहिलो की कुणीतरी नवख्याला सांगतंच — हे सर, यांनी टीम निवडलीये. मी मान हलवतो. टीम निवडलीये — हो. निवडलीये.

सुमेध माझ्याकडे आला तेव्हा लहान होता, चौथी-पाचवीतला. सुमेध कासारे. तुम्हाला हे नाव आठवणार नाही. ते आठवत नाही याला जबाबदार मी आहे, आणि तेच सांगायचंय. कॉटन ग्रीनला राहायचा, वडील गोदामात कामाला, आई पालिकेच्या दवाखान्यात आया. पहिल्या दिवशी आईच घेऊन आली होती, ड्यूटीवर जायच्या आधी, गणवेशाच्या साडीतच. मी त्याला दहा-बारा चेंडू टाकले. शिकवत असताना एखाद-दुसऱ्या पोराच्या बाबतीत असं होतं, की आपण काही शिकवायच्या आधीच त्याच्या हाताला ते ठाऊक असतं. चेंडू उशिरा खेळायचा. इतका उशिरा की वाटायचं, चुकला. आणि मग आवाज यायचा, बॅटच्या मधोमध. मी त्याच्या आईला म्हणालो, ताई, याला रोज पाठवा. फीचं आपण बघू.

सातवीत असताना एका सामन्यात त्याला गालावर चेंडू लागला. हेल्मेट दुसऱ्याचं होतं, सैल. टाके पडले, बरे झाले. पण मग नेटमध्ये काहीतरी बिघडलं. मला नेमकं दिसेना. एका सकाळी बाकीची पोरं पॅड सोडत होती तेव्हा तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, मला वरचा बॉल दिसतच नाही. मी डोळे मिटतो. आईला सांगू नका हां, ती खेळायला देणार नाही."

मी कुणालाच सांगितलं नाही. टेनिसचे चेंडू आणले, प्रत्येकाला रंगाचा एकेक ठिपका लावला — लाल, निळा, काळा. जवळून त्याच्या तोंडाच्या दिशेनं टाकायचे आणि त्यानं ठिपक्याचा रंग ओरडून सांगायचा. डोळे मिटले तर रंग कसा दिसणार? सगळे गेल्यावर आम्ही दोघंच हे करायचो. तो हिवाळा त्यात गेला. हळूहळू रंग बरोबर यायला लागले, मग कातडी चेंडू, मग वेगवान गोलंदाज. भीती गेली. नुसती गेली नाही — आखूड टप्प्याचा, अंगावर उसळणारा चेंडू हीच त्याची ताकद झाली. चेंडू हनुवटीजवळून जाताना तो शेवटपर्यंत बघायचा, शिवणीसकट. असं बघणारे फलंदाज मी फार पाहिलेले नाहीत.

आणि मी? मी स्वतः त्या चेंडूला घाबरायचो. खेळायचो तेव्हा. उघड कुणी बोललं नाही, पण ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. एका मोसमात संघाच्या यादीत माझं नाव आलं नाही आणि पुढेही कधी आलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. हे का सांगतोय? सहानुभूती मिळावी म्हणून? तसं वाटलं तर हा परिच्छेद वगळून वाचा.

सुमेध मोठा झाला. मुंबईकडून तिसऱ्या नंबरवर खेळायला लागला. एका अंतिम सामन्यात, हिरव्या खेळपट्टीवर, समोरचे गोलंदाज छातीवर मारा करत असताना त्यानं दीडशेच्या वर धावा केल्या. आमच्या घरी टीव्हीपुढे चाळीतले शेजारी जमले होते, शैलानं सगळ्यांना शिरा केला होता. सामना संपल्यावर माइक घेऊन एकानं त्याला विचारलं, हा उसळता चेंडू खेळायला तुला कुणी शिकवलं? तो हसला. म्हणाला, "आईनं. ती चाळीच्या गॅलरीत मला प्लास्टिकचा बॉल टाकायची, ड्यूटीवरून आल्यावर." आणि तिथे ते संपलं, जाहिरात लागली.

शेजारचे राणे म्हणाले, "सर, तुमचा नाव घेतल्यान नाय ओ!"

मी हसून म्हणालो, अहो, पोरगा भांबावलाय. पण शिऱ्याची बशी मी तशीच खाली ठेवली. संध्याकाळी सुमेधचा फोन आला. म्हणाला, सर, मी तुमच्याबद्दल किती बोललो, डोळे मिटायचो तेवढं सोडून, ते ठिपक्याचे बॉल वगैरे सगळं सांगितलं, त्यांनी दाखवलंच नाही, तेवढंच कापून आईचं ठेवलं. खरं बोलत होता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सगळं छापून आलं होतं, माझ्या नावासकट. म्हणजे माझा काही गैरसमज राहिला नव्हता. हे लक्षात ठेवा. मला सगळं माहीत होतं.

तरी ते आत बसून राहिलं. का? इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी स्वतःशीही नीट बोललेलो नाही. माझ्या हाताखालून बरीच पोरं गेली. हिंदू कॉलनीतली, गिरगावातली. त्यातल्या कितीजणांनी पुढे माझं नाव घेतलं नाही. मला कधी राग आला नाही. पोरं मोठी होतात, विसरतात. पण सुमेधनं नाव घ्यायलाच हवं होतं — असं मला का वाटलं? कारण मी त्याला 'वर आणलं' होतं. हा शब्द माझ्या मनात होता. कॉटन ग्रीनच्या त्या चाळीतलं, त्या वस्तीतलं पोर, आणि मी त्याला वर आणलं. बाकीच्यांना मी फक्त शिकवलं होतं. त्याच्यावर मात्र उपकार केले होते. आमच्या घरी लहानपणी कुणी जातीवरून वाईट बोलत नसे. बोलायची गरजच पडत नसे. ते न बोललेलं सगळं माझ्यात होतं, आणि मला वाटायचं, आपल्यात ते नाही.

काही महिन्यांनी समितीची बैठक झाली. परदेश दौरा होता, जिथे चेंडू उसळतो अशा देशात. नेहमीचा तिसऱ्या क्रमांकाचा फलंदाज जखमी होता, म्हणजे जो निवडला जाईल तो पहिली कसोटी खेळणार, हे नक्की होतं. दोन नावं होती. एक सुमेध, दुसरा एका बाहेरच्या राज्यातला मुलगा, चांगलाच होता, पण सुमेधच्या जवळपासचा नव्हता. सगळ्यांचा कल सुमेधकडे होता. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही याला लहानपणापासून बघताय. तिकडे सगळे अंगावर टाकतील. टिकेल ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं.

मी म्हणालो, "चांगला आहे. पण लहानपणापासून एक गोष्ट आहे त्याच्यात. वरच्या चेंडूला डोळे मिटतो. पापणी हलते."

एकजण म्हणाला, "टीव्हीवर तर असं कधी दिसलं नाही."

"टीव्हीवर नाही दिसणार," मी म्हणालो. "मी नेटमध्ये बघितलंय."

एवढंच. पुढे कुणी वाद घातला नाही. त्याच्या शिक्षकानंच सांगितल्यावर कोण वाद घालणार? उलट अध्यक्षांनी बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, स्वतःच्या पोराबद्दल इतकं सरळ बोलणं सोपं नसतं. मला बरं वाटलं. त्या क्षणी मला खरोखर बरं वाटलं — हेही लिहून ठेवतो.

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही. हे झालं त्यात एक संधी गेली असती, इतकंच. सुमेध चोवीस वर्षांचा होता, पुढच्या वर्षी धावांच्या जोरावर त्यानं दार फोडलं असतं. मी जे केलं ते यानंतर.

बातमी फुटली. पेपरात एक ओळ आली, की आखूड चेंडूपुढे कच्चेपणा असल्यामुळे कासारेचा विचार झाला नाही. मग त्या मोसमात जो तो संघ त्याच्या अंगावर टाकायला लागला. तो खेळत होता, धावाही करत होता. पण रोज कुणी तुम्हाला म्हणालं की तुमच्या शर्टाला डाग आहे, तर तुम्ही आरशात बघणारच ना? एका सकाळी तो मैदानात आला. नेट सुरू व्हायचं होतं, माळी पाणी मारत होता. किट खाली ठेवलं आणि मला म्हणाला, "सर, एक विचारू? मी खरंच अजून डोळे मिटतो का?"

मी वाकून स्टंप रोवायला लागलो.

"मला कळत नाही. मला वाटतं मी बघतो. व्हिडिओ लावून बघितला, तिथे पण नीट दिसत नाही. तुम्हीच एक आहात ज्यांना माहितीये. तुम्ही सांगाल ते खरं."

त्याला वाटत होतं, बैठकीत मी त्याच्या बाजूनं भांडलो असेन. त्याच्या डोक्यात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. मी 'नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न काय होता? मग हे सांगितलं कुणी, सर? ही गोष्ट तर फक्त तुम्हाला माहीत होती. तो प्रश्न मला समोर दिसत होता, वेगानं येणाऱ्या चेंडूसारखा. आणि मी नेहमी जे करायचो तेच केलं.

"हो," मी म्हणालो. "अधूनमधून. पापणी हलते तुझी."

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "ठीक आहे सर. परत करूया."

आणि आम्ही परत केलं. नसलेला दोष दुरुस्त करायला घेतला. दोन मोसम. मी त्याचा स्टान्स उघडा केला, छाती गोलंदाजाकडे वळवून उभं केलं. चेंडू सुटायच्या आधीच मागे सरकायला लावलं. खोटेपणा लपवायला मला रोज काहीतरी नवीन शोधावं लागायचं, आणि तो रोज ते निमूट करायचा. तुम्ही क्रिकेट खेळला नसाल तर एवढंच सांगतो, की जो माणूस विचार न करता बरोबर करतो त्याला विचार करायला लावला की संपलं. मी ठिपक्याचे चेंडूही परत काढले. मुंबईचा तिसऱ्या नंबरचा फलंदाज, दाढी आलेला पुरुष, सकाळच्या मैदानात लहान पोरांच्या देखत "लाल! निळा! काळा!" ओरडायचा. पोरं हसायची. तोही हसायचा. मी टाकत राहायचो. रंग तो एकदाही चुकला नाही. एकदाही नाही. तरी मी म्हणायचो, अजून थोडं.

तिथे कधीही थांबता आलं असतं. दर सकाळी.

उशिरा खेळण्याची त्याची जी देणगी होती ती आधी गेली. मागे सरकायची सवय लागल्यामुळे पुढच्या टप्प्याचे साधे चेंडू पॅडवर लागायला लागले, यष्टी उडायला लागल्या. मुंबईच्या संघातली जागा डळमळली. आणि मग एक दिवस नेटमध्ये मी खरोखर पाहिलं — एक तरणा गोलंदाज धावत आला, चेंडू उसळला, आणि सुमेधचे डोळे मिटले. क्षणभर. नेट संपल्यावर तो माझ्याकडे आला, घामानं भिजलेला, आणि म्हणाला, "आता मला कळलं सर. तुम्ही म्हणत होता ते. आता मलाच कळलं."

तेव्हाही मी गप्प राहिलो.

त्याच मोसमात बाहेरगावच्या सामन्यात त्याला चेंडू लागला. हेल्मेटच्या कडेखाली, डाव्या कानामागे. मी घरी टीव्हीवर बघत होतो. तो गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. शैला स्वयंपाकघरातून म्हणाली, काय झालं हो? पुन्हा पुन्हा ते संथ गतीत दाखवत होते. चेंडू टप्पा पडून वर येतो, आणि तो यायच्या खूप आधी सुमेधनं तोंड वळवलेलं, डोळे घट्ट मिटलेले. आता टीव्हीवर स्पष्ट दिसत होतं.

अध्यक्षांचा फोन आला. तोवर आम्ही दोघंही समितीत नव्हतो. म्हणाले, बिचारा. पण तुमची नजर मानली पाहिजे, तुम्ही तेव्हाच ओळखलं होतं. मी म्हणालो, हो, वाईट झालं.

तो वाचला. डाव्या कानानं ऐकू येणं बंद झालं, आणि तोल जातो — जिना उतरताना कठड्याला धरतो. क्रिकेट संपलं. तो इस्पितळातून घरी आल्यावर मी त्याला भेटायला कॉटन ग्रीनला गेलो. खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली त्याच्या ट्रॉफ्या. आईनं चहा केला. ती त्याच्यावरच चिडलेली होती. मला म्हणाली, "सर, तुम्ही याला इतकी वर्षं सांगत होता ना, डोळे उघडे ठेव म्हणून? ऐकायला नको?"

सुमेध उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "ऐकलं गं आई. नाही जमलं."

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, सर. तुम्ही खूप केलं त्याच्यासाठी."

मी चहा प्यायलो. पूर्ण कप. पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो आणि गोदामाच्या भिंतीला धरून उभा राहिलो. ट्रक लावणाऱ्या एकानं विचारलं, काका, चक्कर आली का? मी हो म्हणालो.

तो आता एका कचेरीत नोकरी करतो, खेळाडू म्हणून लागला होता, ती टिकली. लग्न झालं. समोरचा माणूस बोलायला लागला की उजवा कान पुढे करतो. शैला गेली तेव्हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत इथे होता, सगळी धावपळ त्यानंच केली. लोक म्हणाले, सरांना मुलगा नाही असं कोण म्हणेल.

मागच्या महिन्यात तो मुलीला घेऊन आला. आठ वर्षांची आहे, केस बॉबकट, सारखी बोलते. म्हणाला, "सर, हिला फलंदाजीचं वेड लागलंय. सगळे म्हणतात अमक्या अकॅडमीत घाल, तमक्या अकॅडमीत घाल. मी म्हटलं, नाही. हिला सरच शिकवतील." मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, गुडघे गेलेत रे माझे आता, उभं राहवत नाही. हेही खोटं. मी रोज चिंचपोकळीपर्यंत चालत जातो.

"काही हरकत नाही, सर. तुम्ही खुर्चीत बसून बघा. तुम्ही नुसतं बघितलं तरी पुरे," तो म्हणाला.

मी विचार करून सांगतो म्हणालो. त्यानं त्यानंतर दोनदा फोन केला. मी उचलला नाही.

हे छापून आलं की तो वाचेल. हे मी त्याच्या समोर बसून सांगायला हवं होतं. त्याच्या उजव्या बाजूला बसून, त्याला ऐकू येईल असं. तेवढं माझ्यानं झालं नाही. त्याची पापणी हलत नव्हती. मला ते बैठकीत माहीत होतं, मैदानात माहीत होतं, आणि मी टाकलेल्या प्रत्येक चेंडूच्या वेळी माहीत होतं.